टेकडीला बायका काय म्हणतात

मस्कतमध्ये मी चार वर्षं काढली आणि त्यातले दोन हिवाळे वेल्समधल्या टेकड्यांना नावं शोधण्यात गेले. वेल्स मी पाहिलेलं नाही. पाहायची हौसही नव्हती.

नकाशे काढणाऱ्या एका खासगी कंपनीत मी कॉम्प्युटरवर बसायचो. उपग्रहाचे फोटो, जुने कागद, सर्व्हेवाल्यांच्या वह्या, सगळं एकमेकांवर बसवायचं आणि जुळलं नाही की शिव्या खायच्या. आमचा मुख्य सर्व्हेअर साठी ओलांडलेला वेल्श माणूस होता. ऑफिस त्याला 'सर' म्हणायचं, ड्रायव्हर लोक 'साब' म्हणायचे. मी 'मिस्टर' म्हणायचो. आमच्या घरात 'साहेब' हा शब्द भिंतीवरच्या एका फोटोसाठी राखलेला आहे. पगार देतो म्हणून तो कुणालाही वाटत फिरायला मी तयार नव्हतो. म्हाताऱ्याला याचं काहीच वाटत नव्हतं. त्यामुळे माझ्या बंडाचीही मजा गेली.

त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. ऑपरेशन तो पुढे ढकलत होता. म्हणून दर गुरुवारी ऑफिस सुटलं की मी मदिनत सुलतान काबूसमधल्या त्याच्या घरी जायचो आणि तो सांगेल ते टाइप करायचो. बदल्यात जेवण. मटणाचं पातळ कालवण आणि पाव, दर वेळी तेच. टाइप काय करायचं, तर वेल्समधल्या लहान टेकड्यांची यादी. मोठ्या डोंगरांना सगळे विचारतात. त्याचा जीव अडकला होता तो तीस मीटर उठून पुन्हा खाली बसलेल्या उंचवट्यांत. मेंढ्या वर चढतात, दुसरीकडून उतरतात, आणि नकाशावर तिथे फक्त उंचीचा आकडा असतो. अशा शेकडो आकड्यांना नाव हवं होतं. बरोबर नाव.

पहिले काही गुरुवार मी हे गोऱ्याचं चोचलं समजून केलं. जगात माणसांना पाणी नाही आणि हा टेकड्यांची बारशी घालतोय, असं मी खोलीवरच्या मित्रांना सांगितलंही. पण चोचले करणारा माणूस इतका कडक नसतो. त्याचे नियम होते. पायथ्याला राहणाऱ्या माणसाच्या तोंडचं नाव पहिलं. ते नसेल तर जुने नकाशे, चर्चचा दशांश वसूल करायला काढलेले, ज्यांत शेताशेताचं नाव लिहिलंय. तेही नसेल तर पायथ्याच्या वाडीचं नाव घ्यायचं आणि पुढे 'पेन' लावायचं. पेन म्हणजे माथा. आणि काहीच नसेल तर आकडा राहू द्यायचा, पण आपल्या मनाने नाव ठेवायचं नाही. यादी करणाऱ्या आधीच्या लोकांनी अशी बरीच नावं मनाने ठेवली होती, छान, कानाला गोड. म्हातारा ती एकेक करून माझ्याकडून पुसून घ्यायचा. प्रत्येक नावापुढे एक रकाना होता: कुणी सांगितलं. 'मेंढपाळ, वय ऐंशीच्या आसपास, जन्मापासून याच शेतावर.' एवढा पुरावा त्याला पुरायचा.

एकदा त्याने सांगितलं, त्याच्या पणजोबांना शाळेत स्वतःची भाषा बोलल्याबद्दल गळ्यात लाकडी पाटी घालून उभं केलं होतं. मी टाइप करता करता म्हणालो, आमच्या पणजोबांच्या गळ्यात मडकं होतं, थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून. हे वाक्य मी आधी किती पत्रकांत वापरलं होतं, मोजलेलं नाही. ते दर वेळी लागू पडतं.  तो म्हणाला, पुढची ओळ घेऊ. मला उगाच जिंकल्यासारखं वाटलं आणि लगेच थकवा आला.

थकवा हा तेव्हाचा माझा कायमचा पाहुणा होता. गावाकडे मी सतराव्या वर्षापासून पत्रकं लिहीत होतो. स्टँडवर वाटायची, कॉलेजच्या भिंतीला चिकटवायची, पोलीस ठाण्यात त्याच पत्रकांवर सह्या करायच्या. नोकरीसाठी मस्कतला आलो तेव्हा घरचे म्हणाले, सुटलास. सुटलो नव्हतो. एक अर्ज मागे राहिला होता.

आमच्या वस्तीमागे एक टेकडी आहे. तिला आमच्या जातीचं नाव आहे. ते नाव मी इथे लिहिणार नाही, सात-बारावर आहे तेवढं पुरे. टेकडीमुळे वस्तीला तेच नाव, वस्तीमुळे पत्त्याला तेच, पोस्टमन मोठ्याने वाचतो तेही तेच. विसाव्या वर्षी मी आणि माझ्याबरोबरच्या सहा पोरांनी टेकडीवर लोखंडी खांब रोवून बोर्ड लावला: समताशिखर. निळ्यावर पांढरी अक्षरं. त्याच आठवड्यात नाव बदलण्याचा अर्ज ग्रामपंचायतीत दिला. बोर्ड दोनदा कुणीतरी वाकवला, आम्ही दोनदा सरळ केला. अर्जाला उत्तर आलं नाही. वर्षं गेली.

आणि त्या हिवाळ्यात आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोन आला. ते निवृत्त प्राथमिक शिक्षक, फोनवरही हजेरी घेतल्यासारखे बोलतात. सरपंच बदलला होता, अर्ज सापडला होता, एक मेच्या ग्रामसभेत विषय घेणार होते. वरच्या आळीचे लोकही या वेळी आडवे येणार नाहीत असं दिसत होतं. अर्जदार म्हणून माझी सही लागली तर कागद मेलने पाठव, म्हणाले. मी हो म्हणालो. फोन ठेवल्यावर आनंद व्हायला हवा होता. मी खोलीतला एसी बंद केला, दार उघडलं आणि नुसता उभा राहिलो.

त्याच सुमारास सहम गावामागच्या डोंगरांकडे आमचं काम निघालं. किनाऱ्याकडची शेतं आणि दुकानं संपली की दगडी माळ लागतो आणि मग बुटक्या काळ्या टेकड्या सुरू होतात. त्यातल्या आठ-दहांची नावं विचारून आणायची होती. म्हाताऱ्याने मला पाठवलं आणि गाडीवर रत्नागिरीकडचे चाचा दिले. ते तीस वर्षं ओमानमध्ये होते. आधी बरका गावाला मासळी वाहायचे, मग आमच्या कंपनीत लागले. अरबी त्यांना घरच्यासारखी यायची.

एका झोपडीवजा घरापाशी शेळ्या राखणारा एक म्हातारा भेटला. त्याने चटई टाकली, खजूर आणि काहवा पुढे केला. मी फाइल उघडली आणि जुन्या कागदावर एका टेकडीचं जे नाव छापलं होतं ते वाचून विचारलं, हीच ना ती. तो म्हणाला, हो. पुढची विचारली, तीही हो. चार टेकड्या पाच मिनिटांत झाल्या. मी खूश. चाचा खजुराची बी हातात धरून बसले होते.

"तू तिसऱ्या टेकडीचं नाव चौथीला वाचून बघ," ते मला म्हणाले. "तिलाही हो म्हनेल. पाव्हणा हाय तू त्याचा. पाव्हण्याला नाय कोन म्हनतो?"

वाचून बघितलं. तो म्हणाला, हो.

मग चाचांनी फाइल मिटवली आणि गप्पा सुरू केल्या. शेळ्या किती, पाणी कुठून, दुपारी ऊन चढलं की जनावरं कुठे नेता. त्या बोलण्यात अर्ध्या तासाने त्यातल्या एका टेकडीचं नाव आपोआप आलं, आपल्या भाषेत सांगायचं तर: सावलीची. तिच्या एका अंगाला दुपारभर सावली पडते. शेळ्यांवाला हसत म्हणाला, हे घरच्या बायकांचं नाव आहे, कागदावर घालण्यासारखं नाही. चाचांनी ते माझ्याकडून लिहून घेतलं.

परतीच्या रस्त्यावर मी त्यांना वेल्सची यादी सांगितली आणि मग, न विचारता, आमच्या टेकडीचीही. बोर्ड, अर्ज, एक मे. मला शाबासकी हवी होती बहुतेक.

"आनि बायका काय म्हनतात तिला?" चाचांनी विचारलं.

मी म्हणालो, कोणत्या बायका.

"तुज्या वस्तीतल्या. लाकडाला, शेणीला जानाऱ्या. आमच्यात डोंगराला नाव बाप्ये नाय ठेवत रे. बाप्ये खाली बसून डोंगर कोनाचा त्याच्यावर भांडतात. नाव चढनारीच ठेवते."

मी म्हणालो, आमच्या लोकांना नाव ठेवायचा हक्कच नव्हता. वरच्यांनी ठेवलं तेच आमच्या माथी मारलं. हे उत्तर माझ्याजवळ तयार होतं, एखाद्या पत्रकाच्या दुसऱ्या परिच्छेदासारखं.

"ईचारलंस काय कधी?" चाचा म्हणाले. मग रेडिओ लावला आणि मस्कतपर्यंत पुन्हा तो विषय काढला नाही.

मी लगेच विचारलं नाही, हेही लिहून ठेवतो. महिना गेला. विचारलं ते पुढच्या एका गुरुवारी जे झालं त्यामुळे.

म्हाताऱ्याच्या यादीत एक ओळ नुसत्या आकड्याची होती आणि तिला तो हात लावू देत नव्हता. ती त्याच्या वडिलांच्या शेतामागची टेकडी. लहानपणी घरात तिला नुसतं 'वर' म्हणायचे. तिचं खरं नाव पलीकडच्या शेतावरच्या शेजाऱ्याला माहीत होतं, याची त्याला खात्री होती. पण फोनवर विचारण्यासारखी ती गोष्ट नाही, उन्हाळ्यात सुट्टीवर गेलो की त्याच्या स्वयंपाकघरात बसून विचारीन, असं तो दोन वर्षं म्हणत होता. त्या गुरुवारी मी गेलो तर कॉम्प्युटर बंद. तो पलीकडच्या शेतावरचा शेजारी वारला होता, पंधरा दिवसांपूर्वी. म्हाताऱ्याला बहिणीचं पत्र आलं होतं. म्हातारा म्हणाला, त्याला मुलं नव्हती. एवढंच. मग म्हणाला, आज जेवायलाही काही केलेलं नाही, सॉरी.

मी टॅक्सीने परत आलो आणि आप्पांना मेसेज केला, आत्तीला विचारा, टेकडीला त्या बायका काय म्हणायच्या, आणि तिच्याच तोंडून रेकॉर्ड करून पाठवा. आत्ती म्हणजे आप्पांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, ती माहेरच्या वस्तीतच राहिली. लिहिता-वाचता येत नाही. ओमानमध्ये तेव्हा नेटवरून बोलणं लागायचं नाही, पण रेकॉर्ड केलेला आवाज यायचा. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, आला.

"तुमच्या बोर्डावर काय लिवलंय ते मला काय वाचता येत न्हाई बाबा," आत्ती म्हणत होती. "आमी हातलावी म्हणायचो. सगळ्याच म्हणायच्या, तुजी आजी बी. वर गेलं की एक दगुड व्हता खांद्याएवढा, वरनं चपटा. मोळी त्याच्यावर टेकवायची, दम खायचा, मंग त्याला पाठ लावून जरा वाकायचं की मोळी परत डोक्यावर. दुसरं माणूस लागायचं न्हाई. वरल्या आळीच्या बाया बी त्याच वाटंनं यायच्या. त्या एकमेकीस्नी म्हणायच्या, बाई जरा हात लाव गं. आमच्या मोळीला कोण हात लावणार? दगुड लावायचा. म्हणून हातलावी."

मागे आप्पांचा खोकला ऐकू आला. मग तिचाच आवाज, जरा हळू:

"आता न्हाई त्यो दगुड. तुमीच फोडला की खांबापायी. तुला ठावं असंल."

मला ठाऊक होतं. ऐकेपर्यंत ठाऊक नव्हतं आणि ऐकल्याबरोबर सगळं ठाऊक होतं. खांबाला जागा शोधताना तो चपटा दगड बरोबर मध्ये येत होता. घण मीच आणला होता, शेजारच्या गावच्या गवंड्याकडून. दगड चांगला होता, फुटायला दुपार लागली. त्याचेच तुकडे आम्ही खड्ड्यात टाकले, वर सिमेंट ओतलं आणि खांब पक्का झाला. आणि त्या दुपारी आमच्या भाकरी डोक्यावर घेऊन वर आली होती ती आत्तीच. भाकरी सोडून बसली होती, फुटता दगड बघत.

मी परत मेसेज केला, तेव्हा बोलली का नाहीस. उत्तर संध्याकाळी आलं, फार छोटं. "एवढी पोरं उन्हात राबत व्हती. कुणासाठी राबत व्हती, आमच्यासाठीच की. तवा दगडाचं काय सांगायचं." आणि पुढे, आता गॅस आलाय, मोळी कुणाला हवी आहे.

मी त्याच आठवड्यात पत्र लिहिलं. बरंच साधं लिहिलं, माझ्या सवयीप्रमाणे 'जाहीर निषेध' वगैरे नाही. अर्जातलं प्रस्तावित नाव 'समताशिखर' ऐवजी 'हातलावी' असं वाचावं. कारण: वस्तीतल्या बायका पिढ्यान् पिढ्या हेच नाव वापरतात. कुणी सांगितलं: वस्तीतली रहिवासी, वय सत्तरच्या पुढे, याच टेकडीवरून सरपण वाहिलेलं. म्हाताऱ्याच्या रकान्यासारखाच रकाना केला. मेल केलं आणि आप्पांना सांगितलं, छापून ग्रामसेवकाला द्या.

ग्रामसेवकाशी मी स्वतःही फोनवर बोललो. तो वाईट माणूस नव्हता. म्हणाला, याला पुरावा काय. मी म्हणालो, माझी आत्या. तो म्हणाला, तसा पुरावा नाही हो चालत, जुन्या नावाला निदान महसुलाची नोंद आहे. माझं डोकं सटकलं. वेल्समध्ये एका मेंढपाळाच्या शब्दावर टेकडीचं नाव लागतं आणि माझ्या आत्तीने जी टेकडी वर्षानुवर्षं डोक्यावर ओझं घेऊन तुडवली, तिच्याबद्दल तिचा शब्द चालत नाही. आणि जे नाव शिवी आहे त्याला नोंद आहे म्हणून ते पुरावा. हे सगळं मी त्याला ऐकवलं. तो शांतपणे म्हणाला, तुम्ही सुचवलेलं नाव बदललं तर विषय पुन्हा पहिल्यापासून घ्यावा लागेल, बघा काय ते.

बघितलं आप्पांनी. एप्रिल संपत आला तेव्हा त्यांचा फोन आला.

"तुझं पत्र माझ्या खिशात आहे," ते म्हणाले. "दिलेलं नाही. देणारही नाही."

मी विचारलं, का.

"नवं नाव म्हणजे नवा अर्ज. तोपर्यंत ते जुनं तसंच राहणार. आणि सभेत लोक काय म्हणतील? यांचं यांनाच ठरत नाही. तेवढंच निमित्त हवंय त्यांना."

मी म्हणालो, आप्पा, आपण चुकीचं नाव लावतोय. मी लावलेलं.

"असेल. तुला एका नावाची हळहळ वाटते. मी ते दुसरं नाव नोकरीभर पोरांच्या नावापुढे पत्ता म्हणून लिहिलंय, माझ्या हाताने. आधी ते पुसू दे मला. मग आण तुझी हातलावी. मी असेन-नसेन."

मी फोन ठेवला.  जो माणूस समोरच्याला गप्प करण्यासाठीच वाक्यं घडवायला शिकला, त्याला ही जागा फार अवघड जाते. समोरचा आपलाच असतो आणि तो चूक नसतो.

ठराव झाला. एकमताने झाला, हे मला नंतर व्हॉट्सअॅपवरच्या फोटोंतून कळलं. जुना, पुन्हा वाकलेला बोर्ड काढून नवा लावला, ग्रामपंचायतीच्या खर्चाने, त्याच खांबावर. माझ्या नावाने तीन जणांनी अभिनंदनाचे मेसेज टाकले. मी सगळ्यांना हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

त्या गुरुवारी म्हाताऱ्याकडे गेलो. ऑपरेशन होऊन एका डोळ्यावर पट्टी होती. मी त्याला थोडक्यात सांगितलं, दगडासकट. तो काही समजूत घालेल असं वाटलं होतं. त्याने फक्त विचारलं, तुझी आत्या आहे ना अजून. मी म्हणालो, आहे. मग तिला बाकीचं विचार, तो म्हणाला, ओढा, वाट, माळ, सगळं. आणि वडिलांच्या टेकडीची ती ओळ उघडून आकडा तसाच राहू दे, पुढचं घे, म्हणाला.

मी पुढचं घेतलं. मध्येच फोन वाजला. आत्तीचं रेकॉर्डिंग आलं होतं, या वेळी लांबलचक. म्हाताऱ्याने हातानेच खूण केली, ऐक. मी ऐकलं. नव्या बोर्डाच्या कार्यक्रमाला तिला सगळ्यांबरोबर वर नेलं होतं, पुढच्या खुर्चीत बसवलं होतं, नारळ फोडला, भाषणं झाली, कुणी काय म्हटलं ते माइकमुळे तिला कळलं नाही. पेढा चांगला होता.

"उतरताना पाय जरा घसरला," ती सांगत होती, "तर वरल्या आळीच्या पाटलाच्या सुनंनं पटकन हात धरला माजा. खालपातूर सोडला न्हाई. मी तिला म्हटलं, बाई, आता कशाला? आता मोळी कुटं हाय डोक्यावर."

आणि ती हसली. खरंच हसली, मी ते नंतर दोनदा ऐकून खात्री केली. म्हातारा खिडकीकडे बघत थांबला होता. मी फोन उलटा ठेवला आणि पुढच्या टेकडीचा आकडा टाइप केला.